कुल्वार, नाळ आणि रवाळ बर्फ

फ्रेंच आल्प्समधल्या शामोनी गावाजवळच्या डोंगरांतल्या स्कीइंगवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचकाचे तीन शब्द अडले आहेत: कुल्वार, बॅककंट्री आणि कॉर्न स्नो. पहिल्यासाठी ‘दरी’ आणि तिसऱ्यासाठी ‘मक्याचा बर्फ’ चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

दोन्ही नकोत. दरी म्हटलं की दोन डोंगरांमधली खोल, पसरट जागा डोळ्यांपुढे येते. कुल्वार म्हणजे एकाच डोंगराच्या कड्यात वरून खाली उतरत गेलेली अरुंद चीर. दोन्ही अंगांना खडक, मधे बर्फ. मूळ फ्रेंच शब्द ‘वाहणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला, आणि वरचं सगळं खरोखरच तिच्यातून खाली येतं: पाणी, सुटलेले दगड, हिमस्खलन. ‘खिंड’ही चुकीची, कारण ती धारेवर असते, पलीकडे जाण्यासाठी. ‘घळ’ बरीच जवळची, पण शिवथरघळीमुळे पुष्कळांना गुहाच आठवते.

सह्याद्रीत हिंडणाऱ्यांकडे नेमका शब्द आहे: नाळ. बोराट्याच्या नाळेतून किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेलेल्यांना कुल्वारची रचना समजावून सांगावी लागणार नाही. वरच्याच्या पायाखालून दगड सुटला, तर खालच्याला बाजूला व्हायला जागा नसते. आल्प्समध्ये हेच वसंतात होतं: वरच्या कड्यांवर ऊन पडलं की बर्फाने धरून ठेवलेले दगड सुटतात आणि नाळेतूनच खाली येतात. हा धोका ‘दरी’ या शब्दात कुठेच नाही, ‘नाळ’ म्हटलं की तो आपोआप येतो. माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण. पहिल्यांदा ‘हिमनाळ’ लिहावं, पुढे नुसतं नाळ.

विशेषनामं मात्र बदलू नयेत. स्विस स्कीपटू सिल्वाँ सोदाँ 1967 मध्ये ज्या स्पेन्सर कुल्वारमधून स्की करत उतरले, ते मराठीतही स्पेन्सर कुल्वारच. बोराट्याच्या नाळेचं भाषांतर आपल्याला तरी चालेल का?

बॅककंट्रीचा आशय एवढाच की तिथे लिफ्ट नाही, आखून सपाट केलेला उतार नाही, गस्त नाही. ‘आडवाटेचं स्कीइंग’ पुरेसं आहे.

आता कॉर्न. इथे मक्याचा संबंध नाही, दाणा हा जुना अर्थ आहे. वसंतात बर्फाचा वरचा थर दिवसा वितळतो आणि रात्री आकाश निरभ्र असेल तर उष्णता निघून जाऊन पुन्हा गोठतो. हे बरेच दिवस चाललं की हिमकणांचे बारीक काटे जाऊन मोठे, गोल दाणे तयार होतात आणि एकमेकांना चिकटतात. पहाटे हा थर टणक असतो. 45 अंशांच्या नाळेत त्यावर पडलेला माणूस सहसा थांबत नाही, घसरतच जातो. ऊन चढलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात, खालचा थर मात्र घट्ट राहतो. स्की करणारे याच वेळेची वाट पाहतात. या अवस्थेला मराठीत शब्द तयारच आहे: रवाळ. नीट कढवलेलं तूप निवल्यावर जसं दाणेदार होतं, तसाच हा बर्फ. ‘मऊ’ लिहिलं तर खालचा टणकपणा हरवतो, आणि ‘भुसभुशीत’ हा शब्द थंडीतल्या ताज्या, कोरड्या बर्फासाठी राखून ठेवावा.

रवाळपणा फार टिकत नाही. पाणी खोल मुरलं की दाण्यांची पकड सुटते, बर्फ पचपचीत होतो आणि ओल्या हिमस्खलनाची भीती वाढते. पूर्वेकडे तोंड असलेल्या नाळेत ही वेळ सकाळीच येते, पश्चिमेकडच्या नाळेत दुपारनंतर. रात्री ढग राहून थर गोठलाच नसेल, तर त्या दिवशी रवाळ अवस्था येत नाही, बर्फ सकाळपासूनच पचपचीत. मूळ लेखात वेळांचा उल्लेख असेल, तर टणक, रवाळ आणि पचपचीत हे तीन शब्द शेवटपर्यंत वेगळे ठेवा. सगळीकडे नुसतं ‘बर्फ’ लिहिलंत, तर स्की करणारी माणसं पहाटे अंधारात का निघतात आणि माथ्यावर पोहोचूनही तासभर का थांबतात, हे वाचकाला कळणार नाही.