बॅटरी किती अँपिअर-तासांची, हे नंतर. मधला इन्व्हर्टर कोणता?

बॅटरीविषयी आलेल्या बहुतेक पत्रांत अँपिअर-तासांची आणि किमतीची चौकशी आहे. प्रत्यक्षात अडतं ते बॅटरी आणि घर यांच्यामधल्या इन्व्हर्टरपाशी. म्हणून या वेळी त्याविषयीचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : छतावर ३ किलोवॅटचे सौर पॅनल आणि नेट मीटर आहे. तरी भर दुपारी लाइट गेली की घर बंद. इन्व्हर्टर खराब आहे का? बॅटरी लावायची तर तो बदलावाच लागेल का? (बार्शी)

इन्व्हर्टर ठणठणीत आहे. ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेला सौर इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज तयार करत नाही; ग्रिडचं व्होल्टेज बघून त्याच्या तालावर करंट ढकलतो. ग्रिड गेलं की त्याने २ सेकंदांच्या आत थांबायचं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातातली तार तुमच्या छतामुळे जिवंत राहील. ही सोय बंद करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

बॅटरीसाठी दोन वाटा आहेत. एक, जुना इन्व्हर्टर काढून हायब्रिड, म्हणजे पॅनल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा एकच इन्व्हर्टर, बसवणे. दुसरी, आहे तो ठेवून शेजारी बॅटरी इन्व्हर्टर लावणे. लाइट गेली की हा दुसरा घराला ग्रिडपासून तोडतो आणि स्वतः २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ उभे करतो. सौर इन्व्हर्टरला वाटतं ग्रिड परतलं, आणि थोडं थांबून तो चालू होतो.

पेच पुढे आहे. बॅटरी भरलेली, घरात फक्त दोन पंखे आणि वर कडक ऊन, अशा वेळी जास्तीची वीज जायची कुठे? बॅटरी इन्व्हर्टर मुद्दाम फ्रिक्वेन्सी ५१-५२ हर्ट्झकडे चढवतो. ते ओळखून सौर इन्व्हर्टरने उत्पादन हळूहळू कमी करायला हवं. जुन्या मॉडेलला फक्त बंद होणं येतं, मग दर काही मिनिटांनी चालू-बंद सुरू राहतं. खरेदीआधी सौर इन्व्हर्टरच्या माहितीपत्रकात ही सोय आहे का ते बघा. नसेल तर हायब्रिडच घ्या. बॅटरी इन्व्हर्टर सौर इन्व्हर्टरपेक्षा लहान घेऊ नका, म्हणजे तुमच्याकडे किमान ३ किलोवॅटचा.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. ग्रिडपासून तुटल्यावर घराचा न्यूट्रल तरंगता, म्हणजे अर्थिंगला न जोडलेला राहिला, तर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) वेळेवर पडेलच असं नाही. बॅकअपच्या वेळी न्यूट्रल अर्थिंगला जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) इन्व्हर्टरमध्ये आहे का, हे विचारून घ्या. बदल करण्याआधी महावितरणच्या कार्यालयातही विचारा.

प्रश्न : ३ किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर १ एचपीची बोअरची मोटर चालेल? (जत)

चालताना ती सव्वा किलोवॅटच्या आसपास घेते, पण सुरू होताना करंट पाच-सहा पट उसळतो आणि इन्व्हर्टर पडतो. मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारं यंत्र) लावा. वेग शून्यापासून हळूहळू चढतो, उसळी येतच नाही.

प्रश्न : ५ किलोवॅटच्या ४८ व्होल्ट इन्व्हर्टरच्या चार ट्युब्युलर बॅटऱ्या काढून लिथियम लावायची आहे. नुसती वायर बदलून चालेल का? (इचलकरंजी)

नाही. आधी बॅटरीवरचं लेबल वाचा. ५१.२ व्होल्ट लिहिलं असेल तर आत १६ सेल आहेत, ४८ लिहिलं असेल तर १५. पुढचे आकडे १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेटचे आहेत.

चार्जिंग ५५.२ ते ५६ व्होल्ट, फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवण्याचं व्होल्टेज) ५४, आणि कट-ऑफ (जिथे बॅटरीतून वीज घेणं थांबतं) ४८ व्होल्ट ठेवा. ट्युब्युलरचा कट-ऑफ ४२ असतो. तिथपर्यंत लिथियम उतरली तर प्रत्येक सेल २.६ व्होल्टवर येतो आणि आयुष्य घटतं. इक्वलायझेशन, म्हणजे सगळे सेल समान करायला मुद्दाम जास्त व्होल्टेजने केलेलं चार्जिंग, पूर्ण बंद करा. ट्युब्युलरला त्यात ६२ व्होल्टपर्यंत नेतात, पण लिथियमचं बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षक सर्किट) ५८.४ च्या आसपास बॅटरी तोडतं. भरधाव चार्जिंग चालू असताना अशी अचानक तोड झाली की इन्व्हर्टरच्या आतलं व्होल्टेज उसळतं आणि त्यातले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे सेमीकंडक्टर) जळतात. हे आकडे तुमच्या इन्व्हर्टरमध्ये बदलताच येत नसतील, तर लिथियमचा नाद सोडा.

जोडताना मोठी ठिणगी पडते आणि बीएमएस बंद होतं, कारण इन्व्हर्टरमधले रिकामे कपॅसिटर क्षणभर शॉर्टसारखे दिसतात. इन्व्हर्टरचा स्विच बंद ठेवून ४७ ओहम, १० वॉटच्या रेझिस्टरमधून ३-४ सेकंद जोडा, मग लगेच मुख्य वायर बसवा.

पूर्ण भाराला बॅटरीतून ११३ अँपिअरच्या आसपास जातात. तांब्याची ३५ चौरस मिलिमीटर वायर, शक्य तितकी आखूड. लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) हातोडीने ठोकू नका, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा. जोडात १ मिलिओहम जरी जास्त राहिला तरी त्या एका बिंदूवर जवळपास १३ वॉट उष्णता होते, आणि लग काळा पडायला तेवढं पुरतं. पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या अगदी जवळ, १६० अँपिअरचा डीसी फ्यूज. घरातला एसीचा एमसीबी इथे वापरू नये. डीसी करंट एसीसारखा पुन्हा पुन्हा शून्यातून जात नाही, त्यामुळे ठिणगी विझत नाही.

प्रश्न : राजनांदगावसारखे मोठे बॅटरी प्रकल्प कोळशाच्या केंद्रांची जागा घेतील का? (चंद्रपूर)

छत्तीसगडमधला राजनांदगावचा प्रकल्प २०२४ पासून १०० मेगावॅट सौर वीजकेंद्राला जोडून चालतो. त्याची बॅटरी ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तास, म्हणजे पूर्ण क्षमतेने ३ तास. ऊन उतरल्यावर संध्याकाळची मागणी भागवायला ती उपयोगी पडते. पण जितकी वीज भरली तितकी मिळत नाही. अशा प्रकल्पांत जाता-येता सुमारे १५ टक्के कन्व्हर्टर (म्हणजे घरच्या इन्व्हर्टरचाच मोठा भाऊ), ट्रान्सफॉर्मर, बॅटरी आणि थंड ठेवण्यात जाते.

खरी अडचण वेगळी आहे. कोळशाच्या केंद्रातला टनावारी वजनाचा रोटर फिरत असतो, म्हणून एखादं केंद्र अचानक बंद पडलं तरी फ्रिक्वेन्सी एकदम कोसळत नाही. ग्रिडच्या मागे चालणाऱ्या कन्व्हर्टरकडे हा जडपणा नसतो. ग्रिड स्वतः घडवणारे कन्व्हर्टर सॉफ्टवेअरमधून तो आणतात. दक्षिण ऑस्ट्रेलिया २०१६ मध्ये पूर्ण अंधारात गेलं होतं. तिथे २०१७ मध्ये हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली, २०२० मध्ये ती १५० मेगावॅटची झाली आणि २०२२ पासून ग्रिडला असा जडपणा पुरवते.

एक उणीव मात्र राहते. शॉर्टसर्किट झालं की फिरणारा जनरेटर पाच-सहा पट करंट देतो, कन्व्हर्टर जेमतेम सव्वा ते दीड पट, कारण त्याहून जास्त त्याच्या सेमीकंडक्टरला सोसत नाही. वाहिन्यांवरचे, दोष दिसताच वाहिनी तोडायला लावणारे बरेच रिले त्या मोठ्या करंटवरून दोष ओळखतात. म्हणून कोळशाचे संच बंद करताना त्या भागातल्या रिलेंची सेटिंग पुन्हा करावी लागतात, किंवा टर्बाइनशिवाय नुसता फिरणारा सिंक्रोनस कंडेन्सर तिथे बसवावा लागतो.