यीस्टवर संशोधन करू म्हणणाऱ्या मुलीच्या वडिलांना

राजारामपुरी, कोल्हापूर इथून एका वडिलांनी लिहिलंय : मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यीस्टमधल्या, विषाणूसारख्या वागणाऱ्या जनुकीय तुकड्यांच्या आरएनएवर संशोधन करायचं म्हणते. घरच्यांच्या मते तिने बी.एड. करावं किंवा दूध संघाच्या लॅबमध्ये लागावं. पावाच्या यीस्टपायी उमेदीची वर्षं घालवू द्यायची का?

सप्रेम नमस्कार.

पैशाची आणि वयाची तुमची काळजी रास्त आहे, त्यावर पुढे बोलतो. आधी विषय समजून घ्या, कारण तो किरकोळ नाही. ती ज्याच्या मागे लागली आहे त्याचं नाव टीवाय-वन. यीस्टच्या डीएनएत बसलेला सुमारे ५,९०० अक्षरांचा तुकडा. त्याची आरएनए प्रत निघते, ती पेशीतच विषाणूसारख्या कणात भरली जाते, तिथे तिच्यावरून पुन्हा डीएनए बनतो आणि तो जीनोममध्ये, म्हणजे यीस्टच्या संपूर्ण डीएनएत, नव्या जागी जाऊन बसतो. एचआयव्हीचीही मूळ पद्धत हीच, फक्त टीवाय-वन पेशीबाहेर पडून दुसरीला लागण करत नाही. त्यामुळे ही यंत्रणा साध्या प्रयोगशाळेत, बिनधोक अभ्यासता येते.

हे सिद्ध कसं झालं, ते एकदा तिच्याकडूनच ऐका. १९८५ साली जेफ बोएके, जेराल्ड फिंक आणि सहकाऱ्यांनी टीवाय-वनमध्ये मुद्दाम एक इंट्रॉन घातला, म्हणजे आरएनए बनल्यावर कापला जाणारा भाग. तुकडा नव्या जागी जाऊन बसला तेव्हा त्यात इंट्रॉन नव्हता! डीएनएची थेट नक्कल झाली असती तर तो राहिला असता. म्हणजे वाट आरएनएमधूनच गेली होती. वही न उघडता तिने हे तुम्हाला समजावलं, तर आवड वरवरची नाही असं खुशाल समजा.

आता तिच्यासाठी एक काम. यीस्टच्या जीनोमचा डेटाबेस सगळ्यांना मोफत खुला आहे. तिथून टीवाय-वनच्या आरएनएची सुरुवातीची चारशे अक्षरं घ्यायची. (आरएनए टोकाच्या एलटीआरच्या, म्हणजे तुकड्याच्या दोन्ही टोकांना सारख्याच येणाऱ्या अक्षरमालेच्या, पहिल्या अक्षरापासून नाही, त्याच्या आतून सुरू होतो, इथे बरेच जण फसतात.) ती आरएनएफोल्ड या मोफत प्रोग्रॅममध्ये टाकून आरएनएच्या धाग्याची घडी कशी पडते ते बघायचं आणि प्रयोगांतून छापून आलेल्या आकृतीशी ताडायचं. दोन्ही जुळणार नाहीत. त्या टोकाला स्यूडोनॉट आहे, म्हणजे एका वळशाची अक्षरं वळशाबाहेरच्या अक्षरांशी जोडलेली, आणि आरएनएफोल्ड ती गाठ हिशेबातच धरत नाही. कुठे आणि का चुकलं हे शोधत ती आपणहून दोन आठवडे बसली, तर तिला अडवू नका. कंटाळली, तर दूध संघाची लॅब हीसुद्धा मानाची नोकरी आहे आणि निर्णय तिचा तिलाच कळेल.

मात्र टीवाय-वनच पाहिजे असा हट्ट तिने आत्ता धरू नये. या एकाच तुकड्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगातही मोजक्या आहेत. आरएनए न खराब करता हाताळणं, थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि संख्याशास्त्र, एवढं हाताशी असलं की विषय बदलला तरी दार बंद होत नाही.

वाट अशी : तिसऱ्या वर्षात आयआयटी जॅम आणि गॅट-बी, या एम.एस्सी.च्या दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात. नाही जमलं तर शिवाजी विद्यापीठातलं एम.एस्सी. कमी समजू नका. त्यानंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळवता येते. २०२३ पासून तिची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं भत्ता. म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर येत नाही. पुण्याचं आयसर आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, हैदराबादचं सीसीएमबी या संशोधन संस्था तिने डोळ्यासमोर ठेवाव्यात.

तुमच्याकडून एकच हवं : एम.एस्सी. होऊन नेटचे दोन प्रयत्न होईपर्यंत घरात बी.एड.चा विषय काढू नका. बी.एड. त्यानंतरही करता येतं. आणि येत्या सुट्टीत तिला पुण्यातली एखादी प्रयोगशाळा बघायला घेऊन जा. आधी ईमेल तिलाच लिहू दे.