वाचकांचे प्रश्न : ‘मालक तटस्थ आहेत’ याचा अर्थ काय?

प्रश्न : कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रभाग कारखान्यात आम्ही 140 कायम कामगार आहोत. संघटना काढण्याचे ठरले, तेव्हा व्यवस्थापकांनी बोलावून सांगितले, “कंपनी तटस्थ आहे, तुमचे तुम्ही पाहा.” त्यानंतर पंधरा दिवसांत काही निवडक जणांना पगारवाढ मिळाली आणि सुपरवायझर दुसऱ्याच एका संघटनेचे अर्ज वाटू लागले. संघटना नोंदवायची कशी, आणि ही तटस्थता मानायची का?
— एक कामगार, सांगली

उत्तर : नोंदणी तुम्हाला वाटते तेवढी अवघड नाही. संघटना स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19(1)(ग) ने दिलेला आहे, त्यामुळे मालकाची परवानगी लागत नाही. 1926 च्या कामगार संघटना कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 ने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या हव्यात, आणि कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद हवेत. म्हणजे तुमच्याकडे चौदा पुरेत. सोबत संघटनेची नियमावली, ती स्वीकारल्याचा सभासदांचा ठराव आणि शपथपत्र जोडून अर्ज निबंधकांकडे द्यावा.

मात्र नोंदणी झाली म्हणजे वाटाघाटीचा हक्क मिळाला, असे नाही. येथेच बहुतेकांची फसगत होते. एकापेक्षा अधिक संघटना असतील, तर हजेरीपटावरील 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी संघटना ठरते, म्हणजे तुम्हाला 72 जण लागतील. कोणालाच तेवढा पाठिंबा नसेल, तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांच्या प्रतिनिधींची वाटाघाटी परिषद बनते. सुपरवायझर दुसऱ्या संघटनेचे अर्ज का वाटत आहेत, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे, कारण तुमची नोंदणी अडवता येत नसली तरी तुमचे 72 जण फोडता येतात.

आता तटस्थतेकडे वळू. मालकाला तुमची संघटना आवडलीच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. त्याने संघटना आणि कामगार यांच्या मध्ये येऊ नये, एवढेच म्हणतो. महाराष्ट्रातील कामगारांना ‘अनुचित कामगार प्रथा’ हे शब्द 1971 च्या राज्य कायद्यापासून परिचित आहेत, आणि संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीतही त्यांची यादी आहे. संघटनेत गेल्यास कामावरून काढण्याची धमकी देणे, मालकाने स्वतःच्या सोयीची संघटना उभी करणे (आपल्याकडे तिला सरळ ‘पॉकेट युनियन’ म्हणतात), अनेक संघटनांपैकी एकीवर मेहेरनजर करणे आणि संघटना बांधली जात असतानाच तिचा पाया खचावा म्हणून पगारवाढ देणे, ही सगळी त्यात येतात. या प्रथांसाठी दहा हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. तुम्ही लिहिले आहे तसेच घडले असेल, तर व्यवस्थापकांचा शब्द आणि त्यांचे वर्तन यांचा मेळ बसत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र पगारवाढ वार्षिक वेळापत्रकानुसारच झाली असेल, तर हा आरोप टिकणार नाही. म्हणून मागील तीन-चार वर्षांची वाढ कोणत्या महिन्यांत झाली, ते आधी तपासा. कामगारांवर सभासदत्वासाठी दबाव आणणे ही संघटनेच्या बाजूनेही अनुचित प्रथाच आहे, त्यामुळे ‘सही कर, नाहीतर बघतो’ ही भाषा तुमच्यापैकी कोणी वापरू नये.

तूर्त दोन गोष्टी करा. अर्ज कोणी, कोणत्या शिफ्टला, कोणासमोर वाटले याची तारीखवार नोंद ठेवा आणि वर्गणीची पावती प्रत्येकाला द्या, कारण उद्या सभासदसंख्येची पडताळणी झाली तर हेच कागद उपयोगी पडतात. मग व्यवस्थापकांना नम्र पत्र लिहून विनंती करा की, ‘कंपनी तटस्थ आहे आणि सुपरवायझरांनी कोणत्याही संघटनेचे अर्ज वाटू नयेत,’ हे सूचनाफलकावर सहीनिशी लावावे. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.