‘अर्थिंग’, ‘ग्राउंडिंग’ आणि ‘बाँडिंग’: मराठीत काय लिहावं?

प्रश्न असा आहे: एका विद्युत उपकरणाच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेचं मराठी करताना ‘अर्थिंग’, ‘ग्राउंडिंग’ आणि ‘बाँडिंग’ हे तीन शब्द वारंवार येतात. पहिल्या दोघांना ‘भूसंपर्कन’ म्हणता येईल, पण मग ‘बाँडिंग’ला काय म्हणायचं? आणि ‘भूसंपर्कन’ फार जड वाटत असेल, तर सरळ ‘अर्थिंग’ लिहिलं तर चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते तेच लिहावं. ‘अर्थिंग’ मराठीत पुरतं रुळलेलं आहे. त्याला आपले प्रत्यय लागतात. ‘अर्थिंगची तार’, ‘अर्थिंगला जोडा’, ‘अर्थिंग तपासून घ्या’ असं कुणीही बिनदिक्कत बोलतं. बोलताना नुसतं ‘अर्थ’ही म्हणतात: फेज, न्यूट्रल, अर्थ. लिहिताना मात्र एकटा ‘अर्थ’ टाळलेला बरा. ‘या सॉकेटला अर्थ नाही’ असं छापलेलं दिसलं की वाचणारा क्षणभर अडखळतो, आणि सुरक्षेच्या सूचनेत तेवढंही अडखळणं नको.

‘भूसंपर्कन’ जड आहे याची मला फारशी फिकीर नाही, वापराने जड शब्दही हलके होतात. मला खटकतो तो त्यातला ‘भू’. ‘भू’ म्हटलं की जमीन आली, आणि जमिनीमागोमाग ती जुनी समजूत आली: बिघाड झाला की करंट तारेतून खाली उतरतो आणि जमिनीत जिरून जातो. करंट कुठेही जिरत नाही. तो जिथून निघाला तिथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीकडे, परत जातो, आणि परतीची वाट असेल तरच वाहतो. आभाळातून पडणारी वीज खरोखर जमिनीत जाते, कारण तिचा व्यवहार ढग आणि जमीन यांच्यातला असतो. इमारतीतल्या वायरिंगचं मंडल, म्हणजे सर्किट, ट्रान्सफॉर्मरपाशी सुरू होतं आणि तिथेच पुरं होतं.

आकडे मांडले की हे जास्त स्पष्ट होतं. पुरवठा २३० व्होल्टचा आहे, आणि यंत्राच्या आत फेजची तार सुटून धातूच्या बॉडीला टेकली आहे असं धरू. बॉडी फक्त जमिनीत ठोकलेल्या एका सळईला जोडलेली आहे, आणि त्या सळईचा जमिनीशी रोध २५ ओहम आहे. हा आकडा काही मुद्दाम वाईट निवडलेला नाही. सळई एकटीच वापरायची असेल तर तिचा रोध २५ ओहमच्या वर नसावा, एवढंच अमेरिकी वायरिंग संहिता म्हणते. बाकीच्या वाटेचा रोध शून्य धरला तरी करंट येतो ९.२ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडून पुरवठा तोडणाऱ्या स्विचच्या, लेखी हा रोजचाच भार आहे. तो पडत नाही, आणि बॉडी तशीच २३० व्होल्टवर उभी राहते, कुणाचा तरी हात लागेपर्यंत.

आता त्याच बॉडीपासून एक तांब्याची तार निघते आणि मुख्य पॅनेलमार्गे ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल बिंदूपर्यंत सलग धातूच्या वाटेने पोचते असं समजा. जाऊन-येऊन सगळ्या वाटेचा रोध अर्धा ओहम असेल, तर करंट होतो ४६० अँपिअर. ‘बी’ प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी पाचपटीला, म्हणजे ८० अँपिअरला, तत्काळ पडायलाच हवा. इथे तर त्याच्या कितीतरी पुढे गेलो आहोत. जीव वाचवला तो तांब्याच्या तारेने. मातीचा त्यात जवळजवळ काही वाटा नाही. बिघाडाचा करंट परत नेण्यासाठी जमीन ही परिणामकारक वाट धरू नये, असं त्याच अमेरिकी संहितेत स्पष्ट लिहिलेलं आहे. काही ठिकाणी पुरवठ्याबरोबर अशी धातूची वाट येतच नाही, तिथे करंटला मातीतूनच परतावं लागतं. म्हणून तिथे नुसत्या एमसीबीवर विसंबता येत नाही. गेलेला आणि परत आलेला करंट यांतला मिलिअँपिअरमधला फरक ओळखणारा आरसीडी लावावा लागतो.

हे सगळं लक्षात घेऊन त्या हिरव्या-पिवळ्या तारेला मी ‘भूसंपर्क तार’ म्हणत नाही, ‘संरक्षक तार’ म्हणतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या मानकांतही तिचं नाव संरक्षक वाहक असंच आहे, आणि ‘पीई’ या आद्याक्षरांतला ‘पी’ त्या संरक्षणाचाच. ‘भूसंपर्कन’ हा शब्द जमिनीत पुरलेली सळई किंवा प्लेट आणि तिच्यापर्यंतची तार, एवढ्यापुरता ठेवला तर तो अगदी नेमका आहे.

मग ‘अर्थ’ आणि ‘ग्राउंड’ ही नावं पडली कशी? कारण जमिनीची आधीची दोन कामं खरीच होती. एक म्हणजे अठराव्या शतकातला, पडणारी वीज स्वतःवर घेऊन जमिनीत नेणारा आणि इमारत वाचवणारा उंच दांडा. दुसरं काम तारायंत्राचं. १८३८ साली कार्ल आउगुस्ट श्टाइनहाइल यांनी दाखवून दिलं की, तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही, जमीनच ती वाट देते. तिथे पृथ्वी खरोखर मंडलाचा भाग होती आणि तिचं नाव शब्दात येणं रास्तच होतं. पुढे काम बदललं, नाव तेच राहिलं. ब्रिटिशांनी ‘अर्थ’ धरलं, अमेरिकनांनी ‘ग्राउंड’. वायरिंगपुरते हे दोन्ही शब्द एकच. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ‘ग्राउंड’ आणखी पुढे नेला. त्यांच्याकडे ग्राउंड म्हणजे ज्याच्यापासून बाकीचे व्होल्ट मोजायचे ते शून्य. बॅटरीवरच्या सर्किटला ग्राउंड असतो. दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानालाही असतो, तो म्हणजे त्याचा सांगाडा. अशा ठिकाणी ‘भूसंपर्क’ लिहिणं चूकच आहे. तिथे ‘सामाईक शून्य’ किंवा ‘सांगाड्याशी जोडणी’ लिहावं.

तुमची पुस्तिका अमेरिकी असेल तर एका जोडीकडे फार बारकाईने बघा. त्यांच्या संहितेत ‘ग्राउंडेड कंडक्टर’ आणि ‘ग्राउंडिंग कंडक्टर’ असे दोन वेगळे वाहक आहेत. शेवटच्या एका अक्षरसमूहाचा फरक, पण पहिला म्हणजे बहुतेक वेळा आपला न्यूट्रल, ज्यातून यंत्र चालू असताना सतत करंट वाहतो. आणि दुसरा म्हणजे संरक्षक तार, जिच्यातून एरवी काहीही वाहता कामा नये. दोन्हींचं ‘भूसंपर्कित वाहक’ केलंत, तर ते वाचून कुणीतरी न्यूट्रल यंत्राच्या बॉडीला जोडेल. सगळं ठीक असेपर्यंत यंत्र उत्तम चालेल. ज्या दिवशी न्यूट्रल कुठेतरी मागे तुटेल, त्या दिवशी फेज यंत्राच्या आतल्या मोटरमधून फिरून बॉडीवर येईल. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडून ‘अर्थिंग करून दिलं’ म्हणतात, तिथेही नेमका हाच धोका असतो. न्यूट्रल आणि अर्थिंग यांची गाठ पुरवठ्याच्या सुरुवातीला, ठरलेल्या एका जागी असते. तिथून पुढे त्या दोन तारा पुन्हा एकत्र यायच्या नाहीत. म्हणून भाषांतरात पहिल्याला सरळ ‘न्यूट्रल’ म्हणा. ‘तटस्थ तार’ हा त्याचा पुस्तकी पर्याय मला पटत नाही: तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, आणि ही तार तर साध्या दोन तारांच्या मंडलात फेजइतकाच करंट वाहून आणते.

आता ‘बाँडिंग’, तुमचा खरा प्रश्न.

वरच्याच बिघाडाकडे जरा जवळून बघू. धुलाईयंत्राच्या बॉडीला फेज टेकली आहे, संरक्षक तार शाबूत आहे, एमसीबी पडणारच आहे. पण अजून पडलेला नाही. त्या सेकंदाच्या अंशात बॉडीवर किती व्होल्ट असतात? फेजची तार आणि संरक्षक तार सारख्याच जाडीच्या असतील, तर २३० व्होल्ट दोघींमध्ये निम्मे निम्मे वाटले जातात, म्हणजे बॉडी साधारण ११५ व्होल्टवर जाते. संरक्षक तार बारीक असेल तर त्याहून वर. आयईसीच्या नियमानुसार अशा पुरवठ्यात सॉकेटच्या मंडलाला बंद पडायला ०.४ सेकंदांपर्यंत मुभा आहे. तेवढ्यात एखाद्याचा एक हात यंत्रावर आणि दुसरा शेजारच्या धातूच्या नळावर असेल, आणि तो नळ जमिनीतून आलेल्या पाइपामुळे शून्याला असेल, तर ११५ व्होल्टच्या फरकाने करंट त्याच्या छातीतून आरपार जातो.

हे टाळायला यंत्राची बॉडी आणि पाइप एका जाड तारेने एकमेकांना जोडतात. मग बिघाडाच्या क्षणी बॉडी वर गेली तर पाइपही तिच्याबरोबर वर जातो. दोन्ही हात जवळजवळ एकाच पातळीवर राहतात, हातांमध्ये फरकच नाही म्हणून शरीरातून नाव घेण्याजोगा करंट जात नाही. दोन्ही गोष्टी शून्यावर आणणं हा इथे हेतूच नाही, त्या सारख्या ठेवणं हा आहे. बाँडिंग म्हणतात ते हेच. यात जमिनीचा संबंध किती, तर उडत्या विमानातही भागाभागांचं बाँडिंग काळजीपूर्वक केलेलं असतं, आणि तिथे तर जमीनच नाही.

म्हणून ‘भूसंपर्कन’ची कुठलीही शेपूट ‘बाँडिंग’ला लावू नका. ‘बंध’ आणि ‘बंधन’ रसायनशास्त्राने घेतले आहेत. ‘बाँडिंग’ तसंच ठेवलं तर हल्लीच्या मराठीत ते माणसामाणसांतल्या जिव्हाळ्याकडे जातं. नुसती ‘जोडणी’ म्हटलं तर प्लग खोचणंही जोडणीच. मी ‘समविभव जोडणी’ लिहितो. ‘विभव’ आणि ‘विभवांतर’ शाळेत शिकलेले असतात, ‘समविभव पृष्ठ’ही भौतिकीत भेटलेलं असतं, आणि शब्द ऐकताच काम कळतं: विभव सम करणारी जोडणी. जर्मन भाषेत बाँडिंगचं नाव ‘विभव सारखा करणं’ अशाच अर्थाचं आहे, फ्रेंचही ‘समविभव जोडणी’च म्हणतात. इंग्रजीने मात्र तारा बांधण्याच्या कृतीवरून नाव ठेवलं, त्यामुळे इंग्रजीच्या मागे गेलं की आपण अडतो. पुस्तिकेत पहिल्यांदा ‘समविभव जोडणी, म्हणजे बाँडिंग’ असं लिहा आणि पुढे फक्त मराठी शब्द चालवा. कामावर माणसं ‘बाँडिंगची तार’ म्हणतात, त्यांना तसं म्हणू द्यावं.

पुस्तिकेत चिन्हं छापलेली असतील तर शब्द निवडताना त्यांच्याकडे बघा. तिथे इंग्रजी शब्दांपेक्षा जास्त नेमकेपणा आहे. आयईसी ६०४१७ या मानकात खाली निमुळत्या होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा म्हणजे साधं अर्थिंग. त्याच रेघा वर्तुळात असल्या की संरक्षक तारेचा स्क्रू. आडव्या रेघेखाली तिरप्या रेघा असतील तर सांगाडा. आणि खाली टोक असलेला त्रिकोण म्हणजे समविभव जोडणी. रुग्णालयातल्या उपकरणांच्या पाठीमागे तो दिसतो. मूळ मजकुरात या सगळ्यांना ढोबळपणे ‘ग्राउंड’ म्हटलेलं असलं, तरी मराठीत चार वेगळे शब्द वापरा.

एक शेवटचं, कारण यात खरोखर गोंधळ होऊ शकतो. ‘मोटर अर्थ केली आहे’ आणि ‘मोटर अर्थ झाली आहे’ ही दोन वाक्यं फार जवळची दिसतात. पहिलं सुरक्षिततेचं: बॉडी संरक्षक तारेला जोडली आहे. दुसरं बिघाडाचं: आतल्या गुंडाळीचं आवरण जळून तिचा करंट बॉडीवर आला आहे. काम करणाऱ्यांना ‘केली’ आणि ‘झाली’ यांतला फरक पक्का माहीत असतो, पुस्तिका वाचणाऱ्याला तो असेलच असं नाही. म्हणून इंग्रजीत ‘ग्राउंड फॉल्ट’ आलं की मी ‘बॉडीवर करंट येणे’ असंच उलगडून लिहीन. तुमच्या पुस्तिकेतला तो परिच्छेद साधारण असा होईल: ‘उपकरणाच्या बॉडीवर करंट आल्यास एमसीबी पडावा यासाठी संरक्षक तार पॅनेलमधल्या अर्थिंगच्या पट्टीला जोडा, ती न्यूट्रलला जोडू नका. हाताच्या अंतरावर धातूचे पाइप असल्यास त्यांची उपकरणाशी समविभव जोडणी करून घ्या.’