बोटीला इंजिन इनबोर्ड (आत बसवलेलं) घेऊ की आउटबोर्ड (मागे बाहेर लटकवलेलं)?
अरे पात्रांव, वेकबोर्ड (बोटीमागे दोर धरून फळीवर घसरणं) नि वॉटर स्कीच करायचं असेल तर इनबोर्डच बघ, कारण पंखा (प्रोपेलर) बोटीच्या पोटाखाली असतो, मागे लोंबकळत नाही, म्हणजे मागून चढउतार करणाऱ्याच्या पायाला धोका कमी (तरी माणूस पाण्यात असताना इंजिन बंदच हां!). डायरेक्ट ड्राइव्ह (इंजिनातून सरळ पंख्याला जोड) असेल तर इंजिनाचं वजन मधोमध, दोर ओढताना बोट सरळ राहते. वेकसर्फला (बोटीच्या अगदी मागे तिच्याच लाटेवर सर्फ करणं) तर आउटबोर्ड नकोच नको. पण गोव्यात मांडवी नि शापोरा नद्यांच्या तोंडाशी वाळूचे पट्टे आहेत, तिथे आउटबोर्ड वर उचलता येतं, इनबोर्डचा पंखा घासला की खिसा रिकामा. खाऱ्या पाण्यातून आलास की गोड्या पाण्याने इंजिन फ्लश कर. आणि पेट्रोलवालं असेल तर स्टार्टच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर (इंजिनखान्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा फॅन) चालव, मी एकदा आळस केला, पेट्रोलचा वास आला नि पाण्यात उडी मारायचीच बाकी होती.