आजीबाईंना '० ते १०' (० म्हणजे दुखणं नाही, १० म्हणजे सगळ्यात जास्त) समजत नाही, मग दुखणं किती आहे हे कसं विचारायचं?

आण्यांत विचारा: "ऑपरेशनच्या दिवशी दुखणं सोळा आणे होतं असं धरा, आज किती?" "बारा आणे असेल बघ" असं चटकन उत्तर येतं, कारण रुपयाचे १६ आणे हा हिशेब त्या पिढीच्या तोंडात अजून आहे. सर्जिकल वॉर्डात हे मी नेहमी बघते. चार्टवर मात्र बारा आण्यांचे ७.५ करत बसू नका. आजींचे शब्द तसेच लिहा आणि पुढच्या वेळीही आण्यांतच विचारा, म्हणजे तुलना होते. आणेही जमेनात तर 'थोडं, मध्यम, खूप, सहन होत नाही' यातलं एक निवडू द्या. बोलताना सुनेकडे नाही, आजींकडे बघा. नुसतं "दुखतंय का?" विचारलंत तर "नाही गं बाई" ऐकाल, खोकताना, कुशीवर वळताना विचारा, टाक्यांचं दुखणं तेव्हाच कळतं. पण दुखणं कमी सांगितलं म्हणजे धोका कमी, असं नव्हे. वयस्कर किंवा मधुमेही पेशंटला हार्ट अटॅकमध्येही कधीकधी छातीत फारसं दुखत नाही, नुसता दम लागतो, घाम फुटतो. तसं दिसलं तर आणे मोजू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.