आधी विचार, जेवलं का

प्रिय मुली,

तुझा निरोप दोनदा वाचला. चिपळूणला डॉक्टरांच्या दारात गुहागरच्या त्या बाईंनी आपणहून नंबर दिला. त्यांच्या मुलालाही टाइप वन मधुमेह, वयही तुझ्या लेकीएवढंच. तीन आठवडे झाले, तू फोन केला नाहीस. का, तर त्याची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, सात आणि तुझ्या लेकीची साडेनऊ, म्हणजे जास्त. 'त्या काय म्हणतील, काकी?'

अगो, काही म्हणायच्या नाहीत. म्हणाल्याच, तर माझ्यासारख्या मूर्ख असतील.

2008 साली माझा मुलगा सात वर्षांचा होता. रात्री अंथरूण ओलं व्हायचं, तांब्याभर पाणी एका दमात प्यायचा, आणि आम्ही म्हणत होतो उन्हाळा आहे. निदान झाल्यावर घरात एकच पालुपद, 'आंबे फार चारलेस.' (शरीरच स्वतःच्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकतं, हापूसचा काही संबंध नाही, हे मी अजून लग्नाकार्यात सांगत फिरते.) त्या दिवसांत केळशीचं एक कुटुंब भेटलं. त्यांची मुलगी आठ वर्षांची. पहिल्यांदा त्यांच्या पडवीत बसून दोन्ही पोरांनी एकमेकांना पोटावरच्या सुयांच्या खुणा दाखवल्या. माझा मुलगा त्या दिवशी खूप दिवसांनी खिदळला.

आणि मी काय केलं? दर भेटीत साखरेच्या नोंदींची वही मागितली. 'आज साखर किती आली?' त्यांची 130, आमची 280. घरी येऊन पोरावर चिडायची. एकदा तर बोलून गेले, 'तुमचं बरंय, तुमची मुलगी ऐकते तरी.' बाई गप्प झाल्या. पुढे येणंजाणं थांबलं. ती मुलगी वहीत खोटे आकडे लिहीत होती, हे मला फार उशिरा कळलं. आम्ही दोघी आया वही उघडून बसायचो म्हणून.

मी दुष्ट नव्हते गो. रात्री तीनला उठून तपासायचं, साखर 70 च्या खाली दिसली की झोपेतल्या पोराला नीट जागं करून तीन छोटे चमचे साखर घातलेलं पाणी पाजायचं, पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसायचं. असं वर्षभर केलं की माणूस आकड्यांतच बोलायला लागतो. ते असो. आकडा डॉक्टरांना सांग. मैत्रिणीला विचार, पोर जेवलं का.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. पोफळी आडव्या, रस्त्यावर झाडं, वीज कधी येईल ठाऊक नाही. इन्सुलिनच्या बंद बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या, आणि फ्रीज म्हणजे नुसतं कपाट झालेलं. चौथ्या दिवशी केळशीवाले दारात उभे. आठ वर्षांनी! हातात मातीचं मडकं आणि त्यात बसेल असं छोटं गाडगं. मडक्यात ओली वाळू, वाळूत गाडगं, गाडग्यात बाटल्या, वर ओलं फडकं. फ्रीजइतकं गार नाही, पण उन्हाळी घरापेक्षा पुष्कळ बरं. त्यांनी पहिलं विचारलं ते, 'पोरगा जेवला का?' साखर किती, हे विचारलंच नाही. मी मोरीत जाऊन रडले.

एक मात्र ऐक, इथे मी कडकच बोलणार. मैत्री कितीही होऊ दे, त्यांच्या मुलाचे इन्सुलिनचे युनिट, म्हणजे डोसचं माप, तुझ्या लेकीला लावायचे नाहीत. अडीनडीला कोरी सुई उसनी घेतलीस तर टोपणाचा रंग बघ. लाल टोपण 40 च्या बाटलीचं (एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट), केशरी 100 चं. 100 चं औषध 40 च्या सुईत भरलं तर डोस अडीचपट जातो. तरीही बाटलीवर आणि सुईवर छापलेलं वाच, नुसत्या रंगावर जाऊ नकोस.

सासूबाईंना गावात कळायला नको आहे, हे मला परत लिहू नकोस. गणपतीत प्रसादाचा मोदक पुढे आला की पोरीने काय माजघरात लपून टोचून घ्यायचं? त्या बाईंकडे जा. तिथे दोन पोरं पडवीत बसून टोचून घेतील आणि मोदक खातील, कोणी वळूनही बघणार नाही.

रविवारी जा. वही घरी ठेव. सोबत ओल्या काजूची उसळ ने, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

आणि लेक आज जेवली का, ते कळव.

तुझी,
काकी